नाव, राग, ताल, साथ : गायकाच्या संकेतस्थळाची रचना



एखाद्या गायकाचे किंवा वादकाचे संकेतस्थळ प्रभावी आहे असे कशावरून म्हणावे, हा आजच्या स्मृतिव्याख्यानाचा प्रश्न आहे. त्याचे नेहमीचे उत्तर दिसण्यापुरते असते: छायाचित्र भव्य असावे, रंगसंगती डोळ्यांना सुखावणारी असावी, अक्षरे डौलदार असावीत. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे, कारण रचना म्हणजे सजावट नसून क्रम आहे. काय आधी दिसावे, काय मागाहून यावे, कशाचा धागा कशाशी जुळावा आणि आलेल्या माणसाला हवी ती गोष्ट किती पायऱ्या उतरून मिळावी, याचा विचार म्हणजे रचना. हा विचार सर्व प्रकारच्या संगीतासाठी एकच असू शकत नाही, म्हणून येथे तो हिंदुस्थानी रागसंगीताच्या कलाकारापुरता मर्यादित ठेवला आहे. महाराष्ट्राने आणि गोव्याने हे संगीत शतकाहून अधिक काळ जिवापाड जपले, आणि तरीही आजच्या यंत्रयुगात त्याची मांडणी बहुतेक ठिकाणी परक्या साच्यात होते, ही गोष्ट चिंतेची आहे.

संकेतस्थळावर कोण येते? पहिला येतो श्रोता, ज्याला ऐकायचे असते आणि पुढची मैफल कुठे आहे हे जाणून घ्यायचे असते. दुसरा येतो संयोजक, म्हणजे सांगलीतले एखादे संगीत मंडळ असो वा न्यू जर्सीतले महाराष्ट्र मंडळ, ज्याला कार्यक्रम ठरवायचा असतो. तिसरा येतो अभ्यासक किंवा शिष्य, ज्याला एखादा अनवट राग, एखादी बंदिश किंवा एखाद्या घराण्याची वाट शोधायची असते. या तिघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी तिघांनाही सर्वप्रथम हवा असतो तो आवाज. मग किती संकेतस्थळांवर तो प्रथम मिळतो? आधी पुरस्कारांची यादी येते, मग मान्यवरांसोबतची छायाचित्रे, मग वर्तमानपत्रांतील कात्रणे, आणि या सगळ्याच्या तळाशी एखादा दुवा असतो, तोही कधीकधी तुटलेला. ज्या कलेचे सारे अस्तित्व नादात आहे, तिच्या दारात नादच शेवटी उभा असतो.

आवाज प्रथम असावा, याचा अर्थ पान उघडताच तो आपोआप सुरू व्हावा असा मात्र नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तशी फॅशन होती. ‘फ्लॅश’ नावाच्या तंत्रात बांधलेली चलचित्रे पान उघडताच नाचू लागत आणि संगीत न विचारता वाजू लागे. त्या तंत्राचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी अधिकृतपणे संपला आणि केवळ त्यावर उभी असलेली संकेतस्थळे मुकी झाली. त्याआधीच, 2017 आणि 2018 मध्ये, सफारी आणि क्रोम या ब्राउझरांनी आपोआप सुरू होणाऱ्या आवाजाला लगाम घातला होता. वापरणाऱ्याने स्वतः कळ दाबल्यावरच स्वर उमटावा, हा आता तांत्रिक नियमही आहे आणि सभ्यतेचाही. रचनाकाराचे काम एवढेच की ती कळ पहिल्या दृष्टिक्षेपात दिसावी, बोटाखाली सहज यावी आणि तिच्या शेजारी काय वाजणार आहे ते स्पष्ट लिहिलेले असावे.

परंतु काय वाजावे? येथे रागसंगीताचा प्रश्न चित्रपटगीताहून निराळा होतो. संगीत विकणाऱ्या जागांनी नमुना म्हणून अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवण्याची प्रथा रुजवली, आणि तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी ती पुरेशी असते, कारण तेवढ्यात ध्रुवपदाची चाल कानावर पडते. अतिविलंबित एकतालातील ख्यालाचे काय? बारा मात्रांचे एक आवर्तन तेथे एका मिनिटाच्या आसपास चालते, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात श्रोत्याला समही, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्राही, भेटेल याची शाश्वती नाही. मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी ओळ, उचलला जातो, स्वर हळूहळू आवर्तन भरत जातात, आणि सम येण्यापूर्वीच आवाज तुटतो. असा तुकडा ख्यालाची ओळख करून देत नाही. तो ख्यालाविषयी गैरसमज पसरवतो. म्हणून नमुना द्यायचाच असेल, तर त्यात किमान दोन-तीन पूर्ण आवर्तने असावीत, आणि त्याच्या जोडीला निदान एक राग अथपासून इतिपर्यंत, न कापता ठेवलेला असावा. संपूर्ण राग विनामूल्य ऐकवल्याने नुकसान होते असे अनेक कलाकारांना वाटते, पण ज्याने पन्नास मिनिटे बसून एखादा मारवा ऐकला, त्याच्याच पावलांनी पुढे मैफलीचे तिकीट काढले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

इतके लांब ध्वनिमुद्रण ठेवायचे म्हणजे काही तांत्रिक पथ्ये आली. एका सेकंदाला 128 किलोबिट या दराने साठवलेला तासाभराचा आवाज सुमारे 58 मेगाबाइट जागा घेतो, आणि गावाकडच्या मोबाइल जाळ्यावर तो सगळा आधी उतरवून घ्यायला लावणे हा श्रोत्यावर अन्याय होईल. उपाय सोपा आहे: पान उघडताना ध्वनिफीत मागवू नये, ती कळ दाबल्यावरच येऊ लागावी, आणि श्रोत्याने मधल्या एखाद्या बिंदूवर बोट ठेवले तर तेवढाच भाग पाठवण्याची सोय सर्व्हरवर असावी. दराच्या बाबतीत मात्र कंजूषी करू नये. आवाज दाबून लहान करताना अतिसूक्ष्म वरचे नाद प्रथम गाळले जातात, आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या कंपनातून उमटणारी ती स्वरांची झळाळी, नेमकी त्या नादांवर जगते.

याहून महत्त्वाची सोय म्हणजे लांब ध्वनिमुद्रणात टप्पे दाखवणे. आलाप कोठे संपतो, विलंबित कोठे सुरू होते, द्रुत बंदिश कोणत्या मिनिटाला येते, तराणा आहे की नाही, हे मिनिट-सेकंदांसह लिहून प्रत्येक टप्प्यावर थेट जाता येईल अशी खूण ठेवली, तर नवखा श्रोता घाबरत नाही आणि जाणकार श्रोता सुखावतो. विद्यार्थ्याला तर हे वरदानच आहे, कारण एकच तान वीस वेळा ऐकायची असेल तेव्हा तो ती क्षणात गाठू शकतो. एवढ्या साध्या गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. लागतो तो एका शिष्याचा एक दिवस आणि त्याचे कान.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळले पाहिजे. तो गाभा आहे नावांचा, म्हणजे वाजणाऱ्या आवाजाविषयी लिहिलेल्या माहितीचा. संगणकशास्त्र तिला ‘मेटाडेटा’ म्हणते. माहितीबद्दलची माहिती असा त्याचा साधा अर्थ. तिची गरज नवी नाही. 1902 मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी गौहर जान यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि आवाज कोणाचा हे तेथील तंत्रज्ञांना कळावे म्हणून ही व्यवस्था होती, असे सांगितले जाते. भारतीय ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभी, आवाज त्याच्या धन्यापासून तुटून दूरदेशी जाऊ लागताच, पहिली गरज उभी राहिली ती नावाची! पुढे तबकडीच्या मधोमध गोल कागद आला आणि त्यावर गायकाचे नाव, बहुधा रागाचे नाव आणि बंदिशीचे आरंभीचे शब्द छापले जाऊ लागले. त्या कागदावर जागा नव्हती ती सारंगियाला आणि तबलजीला. कितीतरी अजरामर तबकड्यांवर ज्यांची साथ ऐकू येते, त्यांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. ही केवढी मोठी हानी आहे!

कागद लहान होता, ही सबब त्या काळी तरी सांगता येत होती. आज पडद्यावर जागेची टंचाई नाही, तरीही हानी सुरूच आहे, किंबहुना वाढली आहे. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांची, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाणे ऐकवणाऱ्या सेवांची, मांडणी मुळात तीन कप्प्यांवर उभी आहे: कलाकार, अल्बम आणि ट्रॅक. हा साचा पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्याच्या मापाने कापलेला आहे. त्यात रागाला कप्पा नाही, तालाला नाही, आणि साथीदारांना व बंदिशकाराला मुख्य मांडणीत स्थान नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतालाही हा साचा अपुरा पडतो, कारण तेथे रचनाकार, रचना, संचालक आणि वादक अशी अनेक नावे एकाच वेळी लागतात. ही अडचण इतकी खरी होती की ॲपल कंपनीने 2023 मध्ये अभिजात संगीतासाठी स्वतंत्र ॲपच काढले. रागसंगीताच्या वाट्याला या मोठ्या सेवांकडून अशी सोय आलेली दिसत नाही. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात 2011 ते 2017 या काळात चाललेल्या ‘कॉम्पम्युझिक’ या संशोधन प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतासह पाच परंपरांसाठी त्या त्या परंपरेच्या संज्ञांनी माहिती नोंदवण्याचा गंभीर प्रयत्न केला, आणि राग व ताल हे शोधाचे मुख्य आधार मानले. संशोधकांनी जे स्पेनमध्ये केले ते या मोठ्या सेवांनी केलेले दिसत नाही, आणि त्या ते करतील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणूनच कलाकाराचे स्वतःचे संकेतस्थळ ही आज अशी जागा आहे जेथे या संगीताला त्याचे स्वतःचे कप्पे मिळू शकतात.

मग प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली काय लिहावे? राग लिहावा, आणि तो जोडराग किंवा अनवट राग असेल तर कोणत्या परंपरेनुसार गायला आहे तेही लिहावे, कारण एकाच नावाचा राग दोन घराण्यांत वेगळ्या चलनाने गायला जाऊ शकतो. ताल आणि लय लिहावी. बंदिशीचे शब्द पूर्ण द्यावेत, कारण ख्यालातील शब्द ऐकून सहज कळत नाहीत आणि त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे पाठ बिघडत गेले आहेत. बंदिशकार लिहावा. अनेकदा त्याची मुद्रा, म्हणजे बंदिशीतच गुंफलेले टोपणनाव, त्याची ओळख सांगत असते, पण ‘प्रेमपिया’ म्हणजे आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ आणि ‘गुणीदास’ म्हणजे पंडित जगन्नाथबुवा पुरोहित हे नव्या श्रोत्याला कोण सांगणार? तबला, संवादिनी, सारंगी, तंबोरा या सर्वांवर कोण होते ते लिहावे, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांनाही वगळू नये, कारण त्यांतलेच एखादे नाव उद्या व्यासपीठाच्या मध्यभागी बसणार असते. स्थळ आणि दिनांक लिहावा. ध्वनिमुद्रण कोणी केले तेही लिहावे. साथीदाराचे नाव देणे ही केवळ सौजन्याची बाबही उरलेली नाही, कारण 2012 मध्ये भारतीय कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलाकाराला आपल्या नावाची नोंद व्हावी असा नैतिक हक्क दिला, आणि वादकही त्या व्याख्येत येतो.

ही माहिती लिहिली की रचनेचा पुढचा प्रश्न आपोआप सुटू लागतो: ध्वनिमुद्रणे कोणत्या क्रमाने लावावीत? प्रकाशनाच्या वर्षानुसार लावलेली यादी कलाकाराच्या सोयीची असते, श्रोत्याच्या नव्हे. या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरून काही उसने आणण्याची गरज नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिका’ सहा भागांत सिद्ध केली तेव्हा बंदिशींचा प्रचंड पसारा रागाच्या आधाराने लावला. आधी रागाचे स्वरूप, मग त्याच रागातील सरगम, लक्षणगीत, ख्याल, ध्रुपद अशा रचना. रागांची थाटांत विभागणी करणाऱ्या त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारे आजही आहेत आणि त्या आक्षेपांत तथ्यही आहे, पण राग हे दार मानून आत शिरण्याची त्यांची व्यवस्था अभ्यासकाला आजही वाट दाखवते. संकेतस्थळावर तर याहून अधिक शक्य आहे, कारण कागदावर एका वेळी एकच क्रम लावता येतो आणि पडद्यावर तीच सामग्री रागानुसार, प्रहरानुसार, तालानुसार किंवा साथीदारानुसार हवी तेव्हा लावून पाहता येते. सकाळी संकेतस्थळ उघडणाऱ्याला तोडी आणि भैरव समोर दिसावेत, रात्री उशिरा बागेश्री आणि मालकंस दिसावेत, ही कल्पना अजून फारच थोड्यांनी उपयोगात आणली आहे. समयाचे बंधन न मानणारे कलाकार तिला नाके मुरडतील हे खरे. जे मानतात, त्यांच्यासाठी मात्र रचनेतूनच एक सौंदर्यदृष्टी व्यक्त होते.

भाषेचा आणि अक्षरांचा मुद्दा येथेच येतो. मराठी श्रोत्यांच्या बळावर उभ्या असलेल्या कलाकारांची संकेतस्थळे बहुधा केवळ इंग्रजीत का असतात? परदेशी संयोजकांसाठी इंग्रजी हवीच, पण तिच्या बरोबरीने मराठी पान असेल तर देवनागरीत नाव टंकून शोधणारा श्रोता थेट तेथे पोचतो. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे जगभरातील संगणकांनी मान्य केलेल्या एकाच अक्षरसंकेतात. जुन्या खासगी फाँटांत टंकलेला किंवा चित्रात गोठवलेला मजकूर डोळ्यांना दिसतो, शोधयंत्राला दिसत नाही. पानाच्या आतल्या संकेतांत भाषा मराठी आहे असे नोंदवणे ही एक अगदी लहान गोष्ट, पण तिची फळे मोठी आहेत: चांगल्या फाँटमध्ये ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात, आणि दृष्टिहीन श्रोत्याचे वाचनयंत्र मराठी मजकूर मराठी उच्चारांनी वाचू शकते. रागसंगीतात दृष्टिहीन कलाकारांची आणि श्रोत्यांची परंपरा किती समृद्ध आहे हे या सभागृहाला सांगायला नको. देवनागरीत ओळींच्या वर वेलांटी आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींमधील अंतर रोमन मजकुरापेक्षा जास्त लागते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण किमान 4.5 ला 1 असावे असा सुलभतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांचा जो शौक कलाकारांच्या संकेतस्थळांवर दिसतो, तो या दंडकात अनेकदा बसत नाही, आणि रागसंगीताच्या श्रोत्यांत साठी ओलांडलेले किती असतात याचाही तेथे विचार झालेला नसतो. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलने सुचवलेला निकष आहे, आणि तो बिघडवते ते बहुतेक वेळा मुखपृष्ठावरचे एकच अवजड छायाचित्र किंवा चलचित्र.

संयोजकाच्या गरजांविषयी थोडक्यात सांगता येते. त्याला दोन परिच्छेदांचा परिचय मराठीत आणि इंग्रजीत हवा असतो, छपाईला चालेल असे मोठे छायाचित्र हवे असते, आणि कार्यक्रमाच्या तयारीची यादी हवी असते: गायकाची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, काळी एक आहे की काळी चार, तंबोरे किती, ध्वनिक्षेपक किती, व्यासपीठ केवढे. संवादिनीवादक आणि तबलावादक स्थानिक असतील तर पट्टी आधी कळणे किती मोलाचे असते हे त्यांनाच विचारावे. परिचयात पुरस्कारांआधी गुरूचे नाव आणि तालमीची वर्षे यावीत, कारण या संगीतात कलाकाराची खरी ओळख तीच आहे. कार्यक्रमांच्या यादीत येणारी मैफल सर्वांत वर असावी, वेळ कोणत्या शहरातली ते स्पष्ट असावे, आणि होऊन गेलेल्या मैफली पुसून टाकू नयेत, कारण दहा वर्षांनी तीच यादी त्या कलाकाराचा इतिहास ठरते.

उरतो तो स्वामित्वाचा प्रश्न. समाजमाध्यमांवर सारे काही फुकट मिळत असताना स्वतःचे संकेतस्थळ कशाला, असे अनेक तरुण कलाकार विचारतात. त्याचे उत्तर 2019 मध्ये मायस्पेसने दिले. एके काळी जगभरच्या नव्या संगीतकारांचे जे मुख्य व्यासपीठ होते, त्या संकेतस्थळाने मान्य केले की सर्व्हर बदलताना 2003 ते 2015 या बारा वर्षांत चढवलेली गाणी नष्ट झाली. ज्यांनी मूळ प्रत जपली नव्हती, त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी त्या गाण्यांचा मागमूस उरला नाही. उलट बाजूला प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराने 2001 मध्ये स्वतःचे सदस्यत्वाचे संकेतस्थळ चालवून श्रोत्यांशी थेट नाते जोडले, आणि ‘रेडिओहेड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने 2007 मध्ये आपला अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावरून, श्रोता देईल त्या किमतीला, विकायला काढला. ही मंडळी आधीच जगप्रसिद्ध होती, त्यामुळे त्यांच्या किंमत-प्रयोगाची नक्कल एखाद्या तरुण ख्यालगायिकेने करावी असे नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच की श्रोत्याचा पत्ता कलाकाराच्या स्वतःच्या हाती असावा. आपल्या इच्छेने ईमेल पत्ता देणारे तीनशे श्रोते एखाद्या कलाकाराला पुण्यातल्या छोट्या सभागृहातली बैठक भरवून देऊ शकतात, आणि ते पत्ते कोणत्याही कंपनीच्या बदलत्या गणितावर अवलंबून नसतात.

स्वामित्वाला आणखी एक अंग आहे, आणि स्मृतिव्याख्यानाच्या प्रसंगी ते टाळता येत नाही. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कधीच कायमचे विकत मिळत नाही. सर्वसाधारण डोमेनांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी होते आणि नंतर ती वाढवावी लागते. कलाकार गेल्यावर ती कोण वाढवणार? नोंदणी संकेतस्थळ बांधून देणाऱ्या ओळखीच्या तरुणाच्या नावावर असेल, परवलीचे शब्द कोणालाच ठाऊक नसतील, तर ज्या आवाजासाठी माणसे शोध घेत येतात त्याचे दार नोंदणीची मुदत संपल्यावर बंद होते, आणि तेच नाव कोणी तिऱ्हाईत विकत घेऊन त्यावर भलतेच काही मांडतो. म्हणून संकेतस्थळ उभारण्याच्या पहिल्याच दिवशी डोमेन कलाकाराच्या किंवा कुटुंबाच्या नावे नोंदवावे, नूतनीकरणाची तारीख, परवलीचे शब्द आणि मूळ ध्वनिमुद्रणांची जागा घरातील एका व्यक्तीकडे आणि एका शिष्याकडे लेखी द्यावी, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची राग, ताल, बंदिश, साथ, स्थळ, दिनांक ही नोंद संकेतस्थळाबाहेरही, साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये, त्या आवाजाच्या शेजारीच साठवून ठेवावी, म्हणजे उद्या संकेतस्थळ नव्याने बांधायची वेळ आली तरी तबल्यावर कोण होते हे कोणाला विचारत फिरावे लागणार नाही.